सोबतीला श्वान (लेखांक ९) : कुत्रा नंतर, आधी कागद

मेरठच्या केंद्रातल्या म्हाताऱ्या फौजी कुत्र्यांबद्दल या आठवड्यात लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढे ढकलतो. नाशिक पोलिसांच्या स्पाइक या श्वानावरचा लेख वाचून भगूर परिसरातल्या एका वाचक भगिनींचं पत्र आलं आणि ते बाजूला सारून दुसरं काही लिहिणं मला जमेना.

यजमान फौजेतून निवृत्त झालेले, काश्मीरमध्ये काढलेली वर्षं अंगावर घेऊन घरी आलेले. रात्री झोप नाही. देवळालीच्या रेंजवर तोफांचा सराव सुरू झाला की जेवणाच्या ताटावरून उठतात आणि भिंतीला पाठ लावून बसतात. स्कूल ऑफ आर्टिलरी १९४१ पासून इथे आहे. आपल्याला त्या आवाजाची सवय आहे, त्यांना ती होत नाही. अमेरिकेत अशा माजी सैनिकांना सरकार कुत्रा देतं, असं बाईंनी मोबाइलवर पाहिलं. "आपल्याकडे अर्ज कुठे करायचा?" एवढंच त्यांनी विचारलं आहे.

ताई, असा अर्ज घेणारी खिडकी आपल्याकडे नाही. माजी सैनिकांच्या उपचारांसाठी २००३ पासून ईसीएचएस ही योजना आहे. त्यात औषधं मिळतात, दवाखान्याचा खर्च मिळतो, कानाचं यंत्र मिळतं. मनाच्या जखमेसाठी शिकवलेला कुत्रा त्यात बसत नाही. आणि अमेरिकेतलं चित्रही मोबाइलवर दिसतं तेवढं सरळ नाही.

आधी असा कुत्रा करतो काय, ते सांगतो. तो राखण करत नाही, भुंकत नाही, चावणं तर दूरच. कँटीनच्या रांगेची कल्पना करा. मागे कोणीतरी खेटून उभं आहे, एवढ्यानेच या माणसाचा श्वास चढतो. कुत्रा त्याच्या पाठीशी, मागे तोंड करून बसतो, आणि मागच्या माणसाला आपोआप दोन पावलं लांब राहावं लागतं. पाठ कोणीतरी सांभाळतंय हे कळल्यावर मान वळवून वळवून बघणं कमी होतं. खुर्चीत बसलेल्या माणसाचा गुडघा हलायला लागला, की कुत्रा ते टिपतो आणि मांडीवर नाक दाबतो. माणसाने हात लावेपर्यंत हटत नाही. झोपेत तडफड सुरू झाली की चाटून, पंजा लावून जागं करतो. हे काम बायकोने केलं तर झोपेतला हात तिच्यावर उठू शकतो. अशा घरांतल्या बायका नवऱ्याला हाताने न हलवता लांबून हाक मारून उठवतात, ते त्यासाठीच.

हे शिकवायला दीड-दोन वर्षं जातात आणि सगळीच पिल्लं त्यात टिकत नाहीत. आवाजाला दचकणारं, दुसऱ्या कुत्र्यामागे धावणारं, खाण्यासाठी हुरळून जाणारं पिल्लू बाजूला काढावं लागतं. म्हणून कोणी पंधरा दिवसांत 'थेरपी डॉग' तयार करून देतो म्हणाला, तर त्याला पैसे देऊ नका.

आता अमेरिका. तिथलं माजी सैनिकांचं खातं अंध, बहिऱ्या आणि अपंग सैनिकांच्या कुत्र्यांचा औषधपाण्याचा खर्च फार आधीपासून उचलत आलं आहे. मनाच्या आजारासाठी मात्र २०१२ च्या नियमाने नकार दिला, कारण पुरेसा पुरावा नाही म्हणून. पुरावा गोळा करायचा आदेश संसदेने २००९ मध्येच दिला होता. अभ्यास सुरू झाला आणि पहिल्याच टप्प्यात कुत्रे लहान मुलांना चावल्यामुळे थांबला. नव्याने मांडून तो पुरा व्हायला जवळजवळ दहा वर्षं लागली. त्यात काही सैनिकांना प्रशिक्षित कुत्रे दिले होते, काहींना नुसते सोबतीचे. प्रशिक्षित कुत्रे मिळालेल्यांची पीटीएसडीची, म्हणजे आघातानंतर जडणाऱ्या मानसिक आजाराची लक्षणं थोडी अधिक कमी झाली, आत्महत्येचे विचारही कमी झाले. रोजच्या जगण्यातल्या एकूण अडचणींत मात्र दोन्ही गटांत मोठा फरक दिसला नाही. हा निष्कर्ष मला प्रामाणिक वाटतो. कुत्र्याने माणूस बरा होत नाही, पण उपचार घेण्याइतका स्थिर होऊ शकतो.

त्यानंतर २५ ऑगस्ट २०२१ रोजी राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी एका कायद्यावर सही केली, आणि तो मला या सगळ्या विषयातला सर्वांत शहाणा तुकडा वाटतो. त्याने सरसकट कुत्रे वाटले नाहीत. पाच केंद्रांत पाच वर्षांसाठी एक प्रयोग सुरू केला. पीटीएसडी असलेल्या माजी सैनिकांनीच तिथे येऊन इतरांसाठी कुत्रे शिकवायचे. हे शिकवणं हाच उपचार. आवाज चढवला की पिल्लू कान पाडून बसतं, ऐकत नाही. त्याला शाबासकी द्यायची तर स्वर उजळ करावा लागतो, आणि कित्येक महिने भावनाशून्य बोलणारा माणूस पिल्लासाठी का होईना, हसून बोलतो. गर्दीत न घाबरता उभं राहायला पिल्लाला शिकवायचं, तर आधी स्वतः गर्दीत उभं राहावं लागतं. गोळ्यांच्या पाकिटाने जो माणूस घराबाहेर पडत नाही, तो पिल्लाच्या धड्यासाठी बाजारात जातो.

हे आपल्याला अशक्य आहे का? मला मुळीच वाटत नाही. शरीराच्या जखमेसाठी आपल्या महाराष्ट्रात शंभर वर्षांपूर्वी सोय उभी राहिली. जखमी सैनिकांना हातकाम शिकवणारी क्वीन मेरी संस्था १९१७ ची, आज खडकीला आहे. पुण्याचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ चं. पाठीच्या कण्याला मार लागलेल्या जवानांचं केंद्रही खडकीलाच. पाय गेलेल्याला पाय देताना कोणी पुरावा मागितला नाही, कारण जखम दिसत होती. कुत्रे शिकवणारं ज्ञान तर फौजेच्या घरातच आहे. मेरठहून शिकून आलेले आणि आता निवृत्त झालेले श्वानचालक आपल्याकडे आहेत. देवळालीसारख्या छावणीत एक शेड, मोजकी लॅब्राडोर पिल्लं, एक मानसोपचारतज्ज्ञ आणि असे दोन-तीन चालक एवढ्यावर प्रयोग सुरू होऊ शकतो. नाशिकच्या लोकप्रतिनिधींनी हा विषय संरक्षण मंत्रालयाकडे लावून धरावा.

कुत्रा मिळाल्यावरच्या अडचणीही सोडवाव्या लागतील. रेल्वेत कुत्रा न्यायचा तर फर्स्ट क्लासचा अख्खा कूपे किंवा केबिन आरक्षित करावी लागते, नाहीतर तो गार्डच्या डब्यातल्या पेटीत जातो. पाठ सांभाळणारा कुत्रा पेटीत आणि माणूस गर्दीच्या डब्यात, हे चालणार नाही. सोसायटीत मात्र घाबरू नका. कुत्रा पाळायला सोसायटीला सरसकट बंदी घालता येत नाही, असं पशुकल्याण मंडळाने २०१५ च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे.

पण ताई, कुत्र्याच्या आधी कागद. उद्या योजना आलीच तर ती ज्यांच्या आजाराची नोंद आहे त्यांनाच मिळणार. यजमानांचं डिस्चार्ज बुक आणि निवृत्तीच्या वेळच्या मेडिकल बोर्डाचा कागद बाहेर काढा. फौज जवानाची तब्येत 'शेप' या पाच अक्षरांत मोजते, त्यातलं पहिलं अक्षर 'एस' मनाचं असतं. तिथे 'एस-१' लिहिलं असेल, तर बोर्डाच्या लेखी ते त्या दिवशी ठणठणीत होते. अनेक जवान स्वतःच तसं सांगतात, लाजेने किंवा घरी जायची घाई म्हणून. बोर्डाने आजार लिहिला असेल आणि तरी तो नोकरीमुळे झाला नाही म्हणून पेन्शन नाकारली असेल, तर सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा धरमवीर सिंग निकाल लक्षात ठेवा. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर तो नोकरीत जडला असं गृहीत धरायचं आणि तसं नसल्याचं सिद्ध करणं सरकारचं काम. दाद लष्करी न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाकडे मागता येते. मात्र २१ सप्टेंबर २०२३ पासून नियम नवे आहेत, त्यामुळे निवृत्तीची तारीख आधी पाहा. नोंदच नसेल, तर ईसीएचएस पॉलिक्लिनिकमधून मानसोपचारतज्ज्ञाकडे रेफरल घ्या आणि प्रत्येक भेटीचा कागद जपून ठेवा. शिवाय २०१६ च्या दिव्यांग कायद्यात मानसिक आजार येतो, त्याचं प्रमाणपत्र नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात मागता येतं. अर्ज भरायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय मदत करतं.

मेरठ पुढच्या आठवड्यात नक्की. तोवर ज्या घरात असा माणूस रात्री जागा असेल, त्या घराने टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवावा. तो चोवीस तास चालतो, फोनला पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. फौजेसाठी त्याचा वेगळा कक्ष १ डिसेंबर २०२३ रोजी पुण्याच्या एएफएमसी या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाला.