जुन्या वाड्यावर पैसा घालण्यापूर्वी

सुगी आटोपून चार पैसे हाती आले, की ओसरीवर विषय निघतो. पुढच्या दोन खणांत आपण राहू, मागची बाजू दुरुस्त करून शाळेच्या मास्तरांना नाहीतर बँकेतल्या माणसाला भाड्याने देऊ. घर सावरेल आणि महिन्याकाठी उत्पन्नही येईल. विचार चांगला आहे. पण मराठवाडा-सोलापूरकडच्या दगडमातीच्या, माळवदाच्या घरात पैसा घालायचा, तर तीन गोष्टी क्रमाने पाहाव्यात. क्रम चुकला तर पैसा जातो आणि भावकीत वैर येते.

आधी हिस्सा

समजा, वाडा वडिलोपार्जित आहे. आईवडील हयात नाहीत; मागे तीन भाऊ, एक बहीण. थोरल्याने पदरचे चार लाख घालून वाडा सावरला. पाच वर्षांनी वाटणी निघाली, की हिस्से चार सारखेच पडणार. "खर्च मी केला" म्हणणाऱ्या थोरल्याजवळ ना कागद, ना साक्षीदार.

बहिणीला विसरू नका. हिंदू वारसा कायद्यातील दुरुस्तीने ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. त्या दिवशी वडील हयात असलेच पाहिजेत असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले.

म्हणून गवंड्याच्या आधी भावंडांना बोलवा. कोणी राजीखुशीने हिस्सा सोडत असेल, तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्या. सोडत नसेल तर कोणी किती घातले आणि भाडे कसे वाटायचे, हे वकिलाकडून लिहून घ्या. घरपट्टीच्या पावतीवर नाव आहे म्हणजे मालकी झाली, असे समजू नका. ती नोंद करापुरती असते. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणाची ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळते. आपल्या गावची मोजणी झाली असेल, तर पत्रिकेवर कोणाची नावे आहेत ते पाहून घ्या.

मग डोक्यावरचे ओझे

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे गेली. जाड दगडी भिंती मातीत रचलेल्या, वर माळवदाचे ओझे. झोपेतली माणसे त्याखाली गाडली गेली. गळती थांबावी म्हणून दरवर्षी माळवदावर माती टाकतात आणि थर हातभर, त्याहूनही जाड होतो. तेव्हा रंगरंगोटीआधी जाणत्या इंजिनिअरला दाखवून हा थर कमी करा. खांब-तुळयांचे सांधे आडव्या-तिरप्या लाकडांनी आवळून घ्या. भिंतीचे दोन्ही पदर धरून ठेवणारे लांब दगड जागोजागी बसवा. फुगलेली भिंत गिलाव्याने झाकू नका. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा दिला, तर आतली ओल कोंडते आणि पापुद्रे सुटतात. तिथे चुना बरा. वाळवी न लागलेले सागवान भंगाराच्या भावात विकू नका, तेच पुन्हा वापरा.

शेवटी हिशोब

चार लाख घातले आणि भाडे महिना अडीच हजार मिळाले, तर वर्षाचे तीस हजार होतात. घरपट्टी, किरकोळ दुरुस्ती आणि रिकामे महिने यांचे सहा हजार वजा जाता हाती चोवीस हजार, म्हणजे शेकडा सहा. मुद्दल निघायला सोळा-सतरा वर्षे लागतील. हेच चार लाख शेकडा दहाने कर्जाऊ काढले, तर पहिल्या वर्षाचे व्याजच चाळीस हजार! भाडे व्याजालाही पुरणार नाही. गावठाणातल्या घराला गिऱ्हाईकही सहजी मिळत नाही. म्हणून शेत गहाण टाकून वाडा दुरुस्त करू नये, आणि पीककर्जाचा पैसा तर त्यात मुळीच घालू नये.

एकदम सगळा वाडा काढू नका. घराला धोका नाही याची खात्री झाली, की आधी दोनच खोल्या करा. भाडेकरू नक्षी पाहत नाही. वेगळे दार, संडास, मोरी, पाणी आणि विजेचा वेगळा मीटर पाहतो. यात घरच्या बायकांचा सल्ला आधी घ्या, मोरी कुठे तुंबते हे त्यांनाच ठाऊक असते. भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत करा. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने ती जबाबदारी घरमालकाची आहे. त्या दोन खोल्यांचे भाडे साठवून पुढच्या खोल्या काढा.

वेळ लागेल, पण शेत मोकळे राहील, माळवद हलके होईल आणि भाऊबीजेला बहीण हक्काने त्याच ओसरीवर येऊन बसेल.