धायटी

पौष सरून माघ लागला, की सह्याद्रीच्या उतारांवरचे गवत पिवळे पडते. पावसाळ्यात ज्या डोंगरांवर हिरव्याखेरीज दुसरा रंग दिसत नव्हता, तेथे आता करपलेले गवत, उघडे कातळ आणि निष्पर्ण फांद्या एवढेच उरते. ओढे आटतात, वाटांवर धूळ उडू लागते. अशा रुक्ष दिवसांत सिंहगड, राजगड किंवा तोरणा यांसारख्या एखाद्या गडाची वाट चढणाऱ्या वाटसरूस वळणावर अकस्मात तांबड्या रंगाने मढलेले झुडूप दिसते. कोणी फांदीफांदीवर निखारे ओवून ठेवले असावेत, असा दुरून भास होतो. हे झुडूप म्हणजे धायटी होय.

संस्कृत ग्रंथकारांनी तिला धातकी म्हटले आहे. तांब्याच्या रंगाची फुले म्हणून ताम्रपुष्पी, पेटल्यासारखी दिसते म्हणून वह्निज्वाला आणि फुलांना गणती नाही म्हणून बहुपुष्पी, अशी आणखीही नावे तिला आहेत. ती देणाऱ्यांनी हे झुडूप ऐन बहरात पाहिले असले पाहिजे, यात संशय नाही. हिंदी भाषक तिला धवई म्हणतात आणि तिच्या सुकलेल्या फुलांना महाराष्ट्रातील बाजारात धायफूल हे नाव आहे. नावातील साम्यामुळे कित्येक जण धायटी आणि धावडा यांची गल्लत करतात. परंतु धावडा हा उंच वृक्ष असून त्याचे कुल निराळे आहे. धायटीची खरी सोयरीक आहे ती मेंदीशी, डाळिंबाशी आणि महाराष्ट्राचे राज्यपुष्प म्हणून मान मिळालेल्या तामणाशी. वनस्पतिशास्त्रात तिला वुडफोर्डिया फ्रुटिकोजा असे म्हणतात. या प्रजातीत धायटीखेरीज दुसरी एकच जाती असून ती आफ्रिका व अरबस्तान या भागांत वाढते. आपली धायटी मात्र हिमालयाच्या पायथ्यापासून दक्षिणेपर्यंत बहुतेक साऱ्या भारतात आढळते.

धायटी फार उंच वाढत नाही. पुरुषभर, फार तर दोन पुरुष उंचीचे हे झुडूप. त्याच्या लांबलचक फांद्या चोहोबाजूंस पसरून कमानीसारख्या खाली झुकतात. पाने भाल्याच्या पात्यासारखी निमुळती, समोरासमोर आलेली, वरून हिरवी व खालून पांढुरकी असतात. एखादे पान उलटे करून न्याहाळले, तर त्यावर बारीक काळे ठिपके दिसतात. झुडूप फुलांवर नसताना ते ओळखण्याची ही सोपी खूण आहे. खडकाळ, मुरमाड, उताराची जमीन तिला वर्ज्य नाही. जेथे दाट अरण्य तुटून उन्हाला मोकळी वाट मिळाली आहे, तेथे तर ती हटकून उगवते आणि आपल्या मुळांनी सुटी माती धरून ठेवते.

तिचे फूल जवळून पाहण्याजोगे आहे. ज्याला सामान्यतः फूल म्हटले जाते, तो तांबडा भाग पाकळ्यांचा नसून निदलपुंजाचा असतो. इतर फुलांत हिरवे राहून कळीचे रक्षण करणारे हे वेष्टन येथे सुमारे एक ते दीड सेंटिमीटर लांबीची, किंचित बाकदार व झळझळीत रंगाची नळी बनते. पाकळ्या सहा असतात. पण त्या इतक्या चिमुकल्या, की शोधल्यावाचून सापडत नाहीत. नळीच्या तोंडातून १२ पुंकेसर व एक कुक्षिवृन्त बाहेर डोकावतात आणि नळीच्या तळाशी मध साठलेला असतो. गुरे राखणारी मुले फुले तोडून हा मध चोखतात. पाकळ्या गळून गेल्या, तरी तांबडी नळी गळत नाही. आत फळ धरले, तरी ती त्याला कवटाळून तशीच राहते. म्हणूनच धायटीचा बहर इतर झाडांच्या बहरापेक्षा अधिक काळ टिकल्यासारखा वाटतो.

फुलाला गंध जवळजवळ नाही. रंग एवढा भडक आणि गंध मात्र नाही, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. परंतु हे आमंत्रण कोणासाठी आहे हे ध्यानात घेतले, की कोडे उलगडते. मधमाशीच्या डोळ्यांना तांबडा रंग नीटसा दिसत नाही. ती गंधाच्या मागाने येते. पक्ष्यांचे घ्राणेंद्रिय बहुधा मंद, पण तांबडा रंग त्यांना दुरूनही स्पष्ट दिसतो. पळस, पांगारा, सावर हे माघ-फाल्गुनात फुलणारे वृक्षही याच कारणाने तांबडी फुले मिरवितात. धायटीवर मधमाश्या येत नाहीत असे नव्हे, पुष्कळ येतात. तथापि तिच्या फुलाची ठेवण पाहता मानाचे निमंत्रण पक्ष्यांनाच आहे असे म्हणावे लागते.

त्या पाहुण्यांत अग्रमान शिंजिराचा. यालाच सूर्यपक्षी असेही म्हणतात. जांभळा शिंजीर तर गावातील परसबागेतही दिसतो. चिमणीहून लहान, १० ग्रॅमांहूनही कमी वजनाचा हा पक्षी. विणीच्या दिवसांत नराचा काळा पिसारा उन्हात निळा-जांभळा चमकतो, मादी मात्र वरून मळकट तपकिरी आणि खालून फिकट पिवळी असते. सह्याद्रीच्या दाट झाडीजवळ पाठीवर किरमिजी रंग असलेले शिंजीरही धायटीवर येतात. साऱ्यांची चोच लांब, बारीक व बाकदार असते आणि जीभ नळीसारखी असल्यामुळे फुलाच्या तळचा मध त्यांना सहज ओढून घेता येतो.

अमेरिकेतील गुंजनपक्षी हवेत एका जागी तरंगत मध पितात. शिंजिरालाही क्षणभर तसे तरंगता येते. पण त्यात शक्ती फार खर्च होते, म्हणून तो शक्यतो फांदीवर बसूनच भोजन करतो. धायटीची फुले झुपक्याझुपक्यांनी फांदीलाच बिलगून येतात, त्यामुळे बैठक आणि ताट त्याला एकाच ठिकाणी मिळते. तो फांदीवर बसतो, मान वाकडी करून चोच नळीत घालतो, आणि त्याच वेळी बाहेर आलेल्या पुंकेसरांवरील पराग त्याच्या कपाळास व गळ्यास लागतो. एका फुलात मध थोडाच; म्हणून त्याला या फुलावरून त्या फुलावर आणि या झुडपावरून त्या झुडपावर जावेच लागते. तो जेथे जातो, तेथे आधीच्या फुलाचे पराग दुसऱ्याच्या कुक्षीवर पोचते होतात. भरपूर मध एकाच फुलात मिळाला असता, तर पाहुणा पोट भरून तेथेच बसला असता आणि धायटीचे काम अडले असते!

शिंजिरांखेरीज बुलबुल आणि डोळ्यांभोवती पांढरे कडे असलेले चष्मेवाले हे पक्षीही धायटीवर गर्दी करतात. बुलबुलाची चोच या कामी ओबडधोबड. तरीही मधाचा मोह त्याला सुटत नाही. हे दिवस पक्ष्यांच्या दृष्टीने टंचाईचे असतात. पाणी आटलेले, गवताचे बी सरलेले, फळे अजून पिकावयाची असतात. शिंजिराची वीण नेमकी याच सुमारास सुरू होते. कोळ्याच्या जाळ्याचे धागे, वाळके गवत आणि झाडाच्या सालीचे तुकडे यांचे लोंबते घरटे बांधून मादी त्यात अंडी घालते. पिलांना कीटक व कोळी भरविले जातात. परंतु ते टिपण्यासाठी दिवसभर धावपळ करणाऱ्या आईबापांना बळ देतो तो फुलांतला मध. उजाड उतारावरचे एखादे धायटीचे झुडूप त्या पक्ष्यांच्या संसाराला किती उपयोगी पडत असेल, याची यावरून कल्पना करता येईल.

माणसालाही या फुलांचा उपयोग प्राचीन काळापासून ठाऊक आहे. चरकसंहितेत अतिसार आवरणाऱ्या द्रव्यांच्या गणात धातकीच्या फुलांचा समावेश केलेला आहे. फुलांची चव तुरट असते. हा तुरटपणा टॅनिन नावाच्या द्रव्यामुळे येतो; हिरड्यात आणि बाभळीच्या सालीत असते ते हेच. टॅनिनमुळे शरीरातील नाजूक त्वचा आकसते व स्राव कमी होतो. वैद्य जुलाब व आव यांवर फुलांचे चूर्ण ताकातून किंवा मधातून देतात, आणि वाहत्या जखमेवर तेच चूर्ण दाबतात, त्यामागील कारण असे आहे. अर्थात मात्रा किती, कोणाला व केव्हा, हे जाणत्या वैद्याने ठरवावयाचे असते. डोंगरातून फुले आणून घरच्या घरी उपचार करणे शहाणपणाचे नाही. याच टॅनिनमुळे पाने कातडी कमाविण्यास उपयोगी पडत आणि फुलांपासून निघणाऱ्या तांबड्या रंगात पूर्वी वस्त्रे रंगवीत.

परंतु आयुर्वेदात धायटीचे स्थान अढळ झाले ते एका वेगळ्याच गुणामुळे. दशमूलारिष्ट, अशोकारिष्ट, अर्जुनारिष्ट ही औषधांची नावे महाराष्ट्रातील घराघरांत परिचित आहेत. औषधी द्रव्ये उकळून केलेल्या काढ्यापासून तयार होते ते अरिष्ट आणि न उकळता तयार होते ते आसव, असा सामान्य भेद आहे. चरकाने ८४ आसवे सांगितली असून फुलांपासून होणाऱ्या आसवांत धातकीची गणना केली आहे. अरिष्ट करताना निवालेल्या काढ्यात गूळ किंवा मध मिसळतात, त्यात धायटीची फुले घालतात आणि आतून तुपाचा हात फिरविलेल्या मडक्यात हे मिश्रण भरून तोंड बंद करतात. मग ते मडके धान्याच्या राशीत किंवा जमिनीत पुरून सुमारे महिनाभर ठेवावयाचे. काही दिवसांतच आत मंद खदखद सुरू होते. मडक्याला कान लावला, तर ती ऐकू येते. या वेळी झाकण काढून जळती काडी आत धरली, तर ती विझते. कारण आत कार्बन डायऑक्साइड वायू भरलेला असतो. खदखद थांबली, फुले तळाशी बसली आणि काडी जळत राहू लागली, म्हणजे अरिष्ट सिद्ध झाले असे जाणकार समजतात. चूर्णे काही महिन्यांत निःसत्त्व होतात, अरिष्टे मात्र वर्षानुवर्षे टिकतात. आणि जितके जुने तितके ते गुणकारी, अशी वैद्यांची परंपरागत समजूत आहे.

ही किमया करतात ते सूक्ष्म जीव. यीस्ट या नावाने ओळखले जाणारे हे जीव साखर खाऊन तिचे मद्यार्क व वायू यांत रूपांतर करतात. मद्यार्कामुळे औषधी द्रव्यांतील गुण उतरून येतो आणि औषध नासत नाही. आंबणे ही क्रिया जिवंत यीस्टमुळे घडते, हे फ्रान्समध्ये लुई पाश्चर याने १८५७ ते १८६० या काळात प्रयोगांनी दाखविले. आपल्या वैद्यांना सूक्ष्म जीव दिसले नव्हते. परंतु काढ्यात कोणते फूल घातले असता तो हमखास आंबतो, हे त्यांनी अनुभवाने कित्येक शतके आधीच हेरले होते. यीस्टला फुलांतील मध फार मानवतो. मध पिण्यास येणाऱ्या कीटकांच्या आणि पक्ष्यांच्या अंगाला चिकटून ते एका फुलातून दुसऱ्या फुलात पोचते, व फूल सुकले तरी त्यात टिकून राहते. शिवाय गुळातील साखरेचे विघटन घडविणारे द्रव्यही या फुलांत असते. औषधाच्या बाटलीत ज्याची खूणही उरत नाही, त्या चिमुकल्या शिंजिराचा त्या औषधाशी असा दूरचा संबंध पोचतो.

या औषधांना मागणी मोठी आणि धायटीची शेती मात्र फारच थोडी. त्यामुळे कारखान्यांना लागणारी फुले बहुतांशी रानातूनच येतात. ती खुडण्याचे काम आदिवासी स्त्री-पुरुष करतात. भल्या सकाळी डोंगर चढावयाचा, दिवसभर उन्हात एकेक झुपका ओरबाडावयाचा, फुले वाळवावयाची आणि मग व्यापाऱ्याच्या तराजूत घालावयाची. वाळल्यावर टोपलीभर फुलांचे वजन ते किती भरणार! ज्या दिवसांत शेतात काम नसते, त्या दिवसांत हाती येणारा हा पैसा त्या घरांना मोलाचा असतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने अशा गौण वनोपजावर वनवासी लोकांचा हक्क मान्य केला, आणि शासनाने आधारभूत किमतीच्या यादीतही या फुलांना स्थान दिले.

अडचण येते ती घाईमुळे. दुसरा कोणी खुडून नेईल या भीतीने कळ्यांसह फुले ओरबाडली जातात, काही ठिकाणी फांद्याच मोडल्या जातात. ज्या झुडपावर एकही फूल राहिले नाही, तेथे शिंजिराला मध नाही आणि झुडपालाही बी नाही. फळ तांबड्या नळीच्या पोटातच वाढत असल्यामुळे, उशिरा खुडलेल्या फुलांबरोबर बीही पोत्यात जाते. त्यात भर वणव्यांची. पुढील पावसाळ्यात गवत चांगले यावे म्हणून फाल्गुन-चैत्रात डोंगरांना आग लावण्याची चाल अद्याप सुटलेली नाही, आणि बी पिकण्याची वेळ साधारण तीच. धायटी चिवट आहे. तोडली किंवा जळाली, तरी बुंध्यातून तिला पुन्हा धुमारे फुटतात. परंतु धुमारे म्हणजे जुन्याच झुडपाचे पुन्हा उभे राहणे. नवे झुडूप बियांतूनच यावयाचे.

म्हणून काही जाणते संग्राहक फांदीला हात न लावता हाताच्या टप्प्यातील उमललेली फुलेच घेतात आणि शेंड्याकडील झुपके सोडून देतात. त्या शेंड्यांवर चैत्र-वैशाखापर्यंत शिंजीर येत राहतात. मग नळीच्या आतील लहानशी बोंडे वाळून फुटतात, मोहरीहूनही बारीक तपकिरी बी खाली मुरमात सांडते, आणि मृगाच्या पहिल्या सरींनी डोंगर भिजला, की त्यातील थोडे का होईना, दगडांच्या फटीत रुजते.