पायाचे दुखणे आणि हृदयाची परीक्षा

नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर तालुक्यात, सुरत-भुसावळ लोहमार्गावर चिंचपाडा हे गाव आहे. तेथील ख्रिश्चन रुग्णालय हे सभोवारच्या आदिवासी पाड्यांचे एक आश्रयस्थान होय. अशा ग्रामीण रुग्णालयात पायाचे बोट काळे पडलेला एखादा वृद्ध शेतकरी आणला गेला, म्हणजे घरच्या मंडळींचे सारे लक्ष त्या पायाकडे असते. डॉक्टरांना मात्र हृदयाचाही विचार तितक्याच तातडीने करावा लागतो. कारण रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेनंतर रोगी दगावलाच, तर पुष्कळदा तो हृदयविकाराने दगावतो.

याचे कारण उघड आहे. तंबाखू, मधुमेह, वाढलेला रक्तदाब आणि उतारवय यांमुळे धमन्यांच्या आतील बाजूस मेदाचे थर साचून त्या अरुंद होतात. आणि हा रोग सहसा एकाच अवयवापुरता राहत नाही. अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे हर्ट्झर व त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तवाहिन्यांच्या एक हजार रोग्यांच्या हृदयधमन्या क्ष-किरणांच्या साहाय्याने तपासल्या. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत शंभरांपैकी अवघ्या आठांच्या हृदयधमन्या निर्दोष आढळल्या.

असे असूनही रोगी सांगतो की, छातीत कधी दुखले नाही. तो खोटे बोलत नसतो. थोडे चालताच त्याच्या पोटरीत गोळे येतात व तो खाली बसतो. हृदयावर ताण पडावा इतका तो चालतच नाही. अशा रीतीने दुखरा पाय हृदयाचा रोग झाकून ठेवतो. मधुमेह जुना असेल, तर हृदयाची वेदना जाणवतही नाही. धाप न लागता दोन जिने चढणाऱ्याचे हृदय बहुधा शस्त्रक्रियेचा ताण सोसते, हा सर्वसाधारण नियम. पण जो चालूच शकत नाही, त्याच्या बाबतीत ही कसोटी लंगडी पडते.

म्हणून इतर खुणा मोजाव्या लागतात. १९९९ साली बोस्टन येथील ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा सहा गोष्टी निश्चित केल्या: पोट, छाती अथवा जांघेच्या वरील मोठ्या रक्तवाहिनीची शस्त्रक्रिया, हृदयधमन्यांचा रोग, हृदय दुर्बळ होऊन अंगावर सूज वा धाप येणे, पूर्वी झालेला पक्षाघात, इन्सुलिन घ्यावे लागणारा मधुमेह, आणि मूत्रपिंडांची मंदावलेली क्रिया. यांतील तीन वा अधिक गोष्टी आढळल्या, तर हृदयाच्या गंभीर उपद्रवाचे प्रमाण त्यांच्या पाहणीत शेकडा अकराच्या आसपास होते. रक्तवाहिन्यांच्या रोग्यांत ही मोजणी धोका कमीच दाखविते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. या मोजणीस लागते ती बारकाईची विचारपूस, नाडीची व छातीची तपासणी, कार्डिओग्राम आणि रक्ताची साधी परीक्षा. नंदुरबारच्या आदिवासी समाजात सिकलसेलचा विकार आढळतो. तेव्हा रक्तक्षय व सिकलसेल यांची तपासणीही अगत्याची ठरते.

धोका दिसला म्हणून प्रत्येकाच्या हृदयाचे आधी ऑपरेशन करावे काय? २००४ साली प्रसिद्ध झालेल्या पाचशे दहा रोग्यांच्या प्रयोगात, हृदयधमन्या आधी मोकळ्या केल्याने पुढील आयुर्मान वाढले नाही. तसेच २००८ सालच्या एका मोठ्या प्रयोगात, शस्त्रक्रियेच्या दिवशीच नाडी मंद करणारे औषध भरपूर मात्रेत सुरू केले असता हृदयाचे झटके घटले, परंतु पक्षाघात व मृत्यू वाढले. पूर्वीपासून चालू असलेले असे औषध मात्र एकाएकी बंद करू नये.

सडलेला पाय फार दिवस थांबू देत नाही, आणि घाई हृदयास मानवत नाही. या कात्रीत निर्णय घेण्यास खरी माहितीच उपयोगी पडते. रात्री उताणे निजता येते काय, चालू गोळ्या कोणत्या, बिडी किती, हे घरच्यांनी न लपविता सांगावे. मोठ्या शहरी न्यावयाचे की जवळच उपचार करावयाचे, हे त्या उत्तरांवर ठरते. आणि कित्येकदा रोग्याचे प्राणही.