विमानतळावरील दोन वाटा

आगगाडीच्या प्रवासातील वर्गभेद पूर्वी फलाटावरच नजरेस पडत असे. वरच्या वर्गाच्या उतारूंना वेताच्या खुर्च्या असलेले निराळे प्रतीक्षालय, आणि तिसऱ्या वर्गाच्या उतारूंना आपल्याच वळकटीचे आसन. भारतीय रेल्वेने १९७४ साली तिसरा वर्ग बंद केला, तरी प्रतीक्षालयांच्या दारांवरील पाट्या बऱ्याच ठिकाणी राहिल्या. विमानतळावर हा भेद इतका उघड दिसत नाही. छत एकच, फरशी एकच, आणि शेवटी विमानही एकच. परंतु थोडे निरखून पाहिले, तर दारापासून विमानापर्यंत जाणाऱ्या वाटा दोन असल्याचे ध्यानात येते. एक वाट रांगेची, दुसरी बिनरांगेची. या दुसऱ्या वाटेची घडण कशी असते, आणि ती कोठपर्यंत न्याय्य ठरते, हा प्रश्न वाटतो त्याहून महत्त्वाचा आहे.

दारातून आत आलेल्या उतारूला विमानात बसण्यापूर्वी चार टप्पे ओलांडावे लागतात. पहिल्या टप्प्यात विमान कंपनीच्या खिडकीवर तिकीट पाहिले जाते, सामानाचे वजन होते, त्यावर चिठ्ठी बांधली जाते आणि उतारूच्या हाती बोर्डिंग पास पडतो. यालाच चेक-इन म्हणतात. दुसरा टप्पा सुरक्षा तपासणीचा. हातातील सामान क्ष-किरण यंत्रातून जाते, उतारू स्वतः धातुशोधक चौकटीतून जातो, आणि जरूर पडल्यास त्याची झडती होते. परदेशी जाणाऱ्याला यांखेरीज पासपोर्टची तपासणी चुकत नाही. चौथा टप्पा प्रत्यक्ष विमानाच्या दाराचा. यांपैकी पहिला आणि चौथा टप्पा कंपनीच्या हातचा असतो. मधले दोन टप्पे मात्र राज्यसत्तेचे, किंवा तिने घालून दिलेल्या नियमांचे आहेत. पुढील सारे विवेचन या एका भेदावर उभे आहे.

विमानप्रवासाच्या आरंभी वाटा वेगळ्या करण्याचे कारणच नव्हते. उतारू मूठभर, आणि भाडे सर्वांचेच जबर. १ मे १९५२ पासून उत्तर अटलांटिक महासागरावरील मार्गांवर स्वस्त भाड्याचा पर्यटक वर्ग सुरू झाला, आणि पूर्वीचे सर्वसाधारण आसन आपोआप ‘पहिल्या वर्गाचे’ ठरले. तरीही त्या काळी तपासणी अशी जवळजवळ नव्हतीच. तिचा जन्म विमाने पळवण्याच्या घटनांतून झाला. अमेरिकेने ५ जानेवारी १९७३ पासून प्रत्येक उतारूची आणि त्याच्या हातातील सामानाची तपासणी सक्तीची केली. भारतात १० सप्टेंबर १९७६ रोजी दिल्लीहून निघालेले इंडियन एअरलाइन्सचे विमान पळवून लाहोरला नेण्यात आले. त्यानंतर नेमलेल्या समितीच्या शिफारशीवरून जानेवारी १९७८ मध्ये नागरी विमान वाहतूक सुरक्षेची स्वतंत्र शाखा स्थापन झाली. तपासणी आली, तिच्यामागून रांग आली, आणि रांग आल्यावर ती टाळण्याची किंमत ठरू लागली.

ही किंमत घेऊन काय दिले जाते, याचे ठळक उदाहरण जर्मनीतील फ्रँकफुर्ट येथे आहे. लुफ्थान्सा कंपनीने तेथे २००४ साली केवळ पहिल्या वर्गाच्या आणि आपल्या सर्वांत निष्ठावंत उतारूंसाठी एक निराळी इमारतच उघडली. उतारूची मोटार दाराशी थांबते आणि ती उभी करण्याची चिंता कर्मचारी वाहतात. एक मदतनीस उतारूचा पासपोर्ट आणि तिकीट आपल्याकडे घेतो. सुरक्षा तपासणी त्याच इमारतीत, दोन-चार माणसांपुरत्या जागेत होते. आत भोजनगृह आहे, निजण्याच्या खोल्या आहेत, स्नानासाठी टबही आहेत. त्या स्नानगृहांत ठेवलेली रबरी बदके उतारू आठवण म्हणून घरी नेतात आणि हौशी लोक ती जमवितात. विमानाची वेळ झाली की मदतनीस बोलावण्यास येतो. खालच्या मजल्यावर पासपोर्टची तपासणी होते, आणि मोटार धावपट्टीच्या बाजूने उतारूला थेट विमानाशी नेऊन सोडते. मुख्य इमारतीतील गर्दीचे त्याला दर्शनही घडत नाही.

लंडनच्या हीथ्रो विमानतळावर ब्रिटिश एअरवेजने निराळा मार्ग पत्करला. तेथील पाचवी इमारत २००८ साली खुली झाली. पहिल्या वर्गाचा विश्रांतिकक्ष इमारतीच्या दक्षिण टोकाला होता. परंतु तपासणी आटोपल्यावर तेथे पोहोचण्यासाठी उतारूला दुकानांच्या गर्दीतून वळसा घालावा लागे. २०१७ साली कंपनीने त्याच टोकाला ‘फर्स्ट विंग’ नावाचा भाग उघडला. चेक-इनच्या खिडक्या, त्यांच्या मागेच तपासणीच्या दोन मार्गिका, आणि त्यापुढे थेट विश्रांतिकक्ष, अशी त्याची रचना आहे. निराळी इमारत न बांधता केवळ चालणे आणि थांबणे वाचवण्याची ही युक्ती आहे. त्याच वर्षी अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे तिसरा प्रकार अवतरला. तेथे मुख्य इमारतींपासून दूर एक खाजगी इमारत उघडण्यात आली. कोणत्याही कंपनीच्या कोणत्याही वर्गाचा उतारू वेगळे शुल्क देऊन तेथून प्रवास करू शकतो, आणि तपासणी आटोपल्यावर मोटारीने त्याला विमानापर्यंत पोहोचवले जाते. येथे तर सुविधेचा तिकिटाच्या वर्गाशी असलेला संबंधही तुटला. ती सरळ विक्रीची वस्तू झाली.

आता या तिन्ही ठिकाणी तपासणी सौम्य होते काय? सर्वसामान्यांच्या मनात ही शंका हटकून येते, परंतु तिचे उत्तर नकारार्थी आहे. २००६ साली लंडनमध्ये द्रव स्फोटकांचा कट उघडकीस आला. त्यानंतर युरोपने हातातील सामानातील द्रवांवर शंभर मिलिलिटरची मर्यादा घातली, आणि ती घालताना आसनांचा वर्ग विचारला नाही. चौकटीतून जाणे, सामान यंत्रात घालणे, संशय आल्यास पिशवी उघडून दाखवणे, हे सर्वांना सारखेच लागू आहे. अधिक भाडे देणारा उतारू तपासणीतून सुटका विकत घेत नसतो. तपासणीपर्यंत पोहोचण्याचा अवधी तेवढा तो विकत घेतो.

मग इतरांचे यात काय बिघडते? रांगेचे गणित येथे उपयोगी पडते. या शास्त्राचा पाया कोपनहेगन येथील एर्लांग या गणितज्ञाने १९०९ साली दूरध्वनीच्या मार्गांचा विचार करताना घातला. एक कल्पित विमानतळ घ्यावा. तेथे तपासणीच्या चार मार्गिका आहेत आणि प्रत्येकीतून तासाला १५० माणसे जातात, म्हणजे एकूण ६०० माणसांची सोय आहे. एका तासात ५४० उतारू ओळीने येत राहिले, तर सर्वांची तपासणी त्याच तासात उरकते. समजा, यांतील २० उतारू पहिल्या वर्गाचे आहेत, आणि व्यवस्थापनाने चारांपैकी एक मार्गिका त्यांच्यासाठी राखून ठेवली. उरलेल्या तीन मार्गिकांतून ४५० माणसेच जाऊ शकतील, आणि यावयाची आहेत ५२०. तासाच्या शेवटी ७० माणसे ताटकळत उभी असतील, आणि राखीव मार्गिकेवरील कर्मचारी बहुतेक वेळ रिकाम्या पट्ट्याकडे पाहत बसलेले असतील.

आता दुसरी व्यवस्था पाहावी. राखीव मार्गिका नाही, केवळ त्या वीस जणांना रांगेच्या अग्रभागी घ्यावयाचे आहे. एका माणसाच्या तपासणीला चोवीस सेकंद लागतात. वीस जण चार मार्गिकांत वाटले, तर एकेका मार्गिकेत पाच जण पुढे येतात. त्यामुळे सामान्य उतारूला फार तर दोन मिनिटे अधिक थांबावे लागते. तिसरी व्यवस्था अशी की, पाचवी मार्गिका नव्याने उभारावी, तिचा खर्च वरच्या वर्गाच्या भाड्यातून भागवावा, आणि ती रिकामी असेल तेव्हा इतरांनाही तेथे बोलवावे. या व्यवस्थेत कोणाचेच नुकसान नाही, उलट थोडा लाभच आहे. तात्पर्य, निराळी वाट असणे हा दोष नव्हे. ती नव्या जमिनीतून काढली की जुन्या रस्त्यातून कापून घेतली, हे पाहावयाचे असते.

हा प्रश्न खर्चाच्या वाटणीकडे नेतो. अमेरिकेत सुरक्षेसाठी प्रत्येक उतारूकडून जुलै २०१४ पासून एका बाजूच्या प्रवासास ५ डॉलर ६० सेंट आकारले जातात. भारतातही सुरक्षा शुल्क दरडोई आहे, आणि तिकिटाच्या वर्गाप्रमाणे ते वाढत नाही. तपासणीसाठी सर्वांनी सारखेच पैसे दिले असतील, तर तपासनीस आणि यंत्र यांवर कोणाचा अधिक हक्क कसा पोहोचतो? अमेरिकेत या आक्षेपाला असे उत्तर देण्यात आले की, कागदपत्रे पाहणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्यापर्यंतची जागा कंपनीची किंवा विमानतळाची आहे. तेथे रांगा कशा लावाव्यात, हे त्यांनी ठरवावे. त्यापुढे सारे समान. हे उत्तर कायद्याच्या दृष्टीने नेटके आहे. परंतु रांगेत उभ्या असलेल्या माणसाला जमिनीवरील ही अदृश्य रेषा दिसत नाही. त्याला केवळ पुढे जाणारी पाठ दिसते. याउलट, त्याच देशात २०११ साली सुरू झालेली ‘प्रीचेक’ योजना निराळ्या तत्त्वावर उभी आहे. तिच्यात उतारूची पार्श्वभूमी आगाऊ पडताळून त्याला सुटसुटीत तपासणी दिली जाते. म्हणजे तेथे निकष आसनाचा नसून पडताळणीचा आहे.

आदरातिथ्य आणि सुरक्षा यांची गल्लत झाली म्हणजे काय घडते, याचा धडा भारतीय विमानवाहतुकीने फार मोठे मोल देऊन घेतला आहे. जून १९८५ मध्ये कॅनडातील व्हँकुव्हर विमानतळावर एका उतारूने आपली पेटी टोरोंटोहून पुढे एअर इंडियाच्या विमानात परस्पर पाठवण्याचा आग्रह धरला. त्याचे आसन केवळ टोरोंटोपर्यंत निश्चित झाले होते, त्यामुळे पेटी पुढे पाठवणे नियमात बसत नव्हते. खिडकीवरील कर्मचारी स्त्रीने प्रथम नकार दिला. परंतु मागे रांग वाढत होती, उतारू हुज्जत घालीत होता, आणि अखेर तिने पेटीला चिठ्ठी बांधली. उतारू विमानात चढलाच नाही. पेटी मात्र गेली. टोरोंटो येथे सामान तपासणारे क्ष-किरण यंत्र त्या दिवशी मध्येच बंद पडले होते. २३ जून १९८५ रोजी ‘कनिष्क’ विमान आयर्लंडजवळ समुद्रावर स्फोटाने फुटले आणि त्यातील ३२९ माणसे मृत्युमुखी पडली. ज्याचे सामान त्यानेच विमानात असले पाहिजे, या नियमाची अंमलबजावणी त्यानंतर जगभर कडक झाली. भारतातील सुरक्षा शाखेलाही १ एप्रिल १९८७ पासून स्वतंत्र खात्याचा दर्जा मिळाला. चेक-इनच्या खिडकीवर बसलेल्या माणसाचे काम उतारूला संतुष्ट करण्याचे असते. म्हणूनच तपासणीचा शेवटचा शब्द त्याच्या हाती असता कामा नये.

भारतात डिसेंबर १९९९ मध्ये काठमांडूहून निघालेले विमान कंदाहारला पळवून नेण्यात आले. त्यानंतर २००० सालापासून, जयपूरपासून आरंभ करून, विमानतळांची सुरक्षा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे सोपवण्यात येऊ लागली. मुंबईची नवी दुसरी इमारत २०१४ साली सुरू झाली. तेथे वरच्या वर्गासाठी निराळ्या खिडक्या आहेत, प्रशस्त विश्रांतिकक्ष आहेत. परंतु चौकटीपाशी उभा असलेला जवान कंपनीचा नोकर नाही, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. डिसेंबर २०२२ मध्ये दिल्ली, बंगळूर आणि वाराणसी येथे सुरू झालेली ‘डिजियात्रा’ ही चेहऱ्यावरून ओळख पटवणारी ऐच्छिक सोयही भाड्याच्या वर्गाशी बांधलेली नाही. तपासणीतून खरोखरच सूट आहे, ती राष्ट्रपती, पंतप्रधान अशा पदांना. तिची यादी सरकार ठरवते. ती सूट पदाला आहे, पैशाला नाही.

या यादीत माजी राष्ट्रपतींचाही समावेश होता. तरीही एप्रिल २००९ मध्ये दिल्ली विमानतळावर एका परदेशी कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी माजी राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांची अंगझडती घेतली. पुढे संसदेत संताप व्यक्त झाला आणि कंपनीने क्षमा मागितली. कर्मचाऱ्यांनी नियमाचा भंग केला होता, यात शंका नाही. परंतु ज्यांची झडती झाली, त्या कलामांनी त्या वेळी काहीही हरकत घेतली नव्हती. ज्याला तपासणीतून सूट मिळण्याचा खराखुरा अधिकार होता, तो माणूस शांतपणे उभा राहिला.

मऊ आसन, निवांत भोजन, दाराशी येणारी मोटार, ही सारी विकत घेण्याजोगी सुखे आहेत, आणि ती घेणाऱ्याचा हेवा करण्याचे कारण नाही. चौकटीपाशी मात्र प्रत्येक जण आपल्या सहप्रवाशांना एक वचन देत असतो की, आपल्याकडून कोणाच्या जिवाला धोका नाही. विमान आकाशात गेल्यावर पुढच्या आणि मागच्या आसनांचे भवितव्य एकच असते. म्हणून हे वचन देण्याची रीतही सर्वांसाठी एकच असली पाहिजे. वाटा दोन असोत, त्या मिळतात ती चौकट एकच असावी.