शेवटच्या तासाचा वाटा

मालवणच्या दांडी किनाऱ्यावर रापण ओढताना पाहिली आहे कधी? होडी समुद्रात अर्धगोल फिरून जाळं टाकते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात आणि माणसं वाळूत पाय रोवून ओढू लागतात. त्यांत गाबीत असतात, ख्रिस्ती असतात. शेवटी पेडवे-बांगडे वाळूवर तडफडू लागतात आणि एकच प्रश्न उरतो: माझा वाटा किती?

दोन हजार वर्षांपूर्वी गालील सरोवरावरच्या एका मच्छिमारालाही हाच प्रश्न पडला. त्याचं नाव पेत्र. ओढजाळं त्या सरोवरावरही टाकलं जाई. मत्तयाच्या शुभवर्तमानात अशा जाळ्याला ‘सागेने’ म्हटलंय, म्हणजे चक्क रापणच! पेत्राने येशूला विचारलं, आम्ही सगळं सोडून तुमच्यामागे आलो, आम्हाला काय मिळणार?

त्याच ओघात येशूने द्राक्षमळ्याची गोष्ट सांगितली.

मालक पहाटे बाजारात जातो आणि एक दिनार, म्हणजे दिवसाची मजुरी ठरवून माणसं आणतो. नऊला पुन्हा जातो, बाराला जातो, तीनला जातो. आणि दिवस मावळायला तासभर उरलेला असताना पाचव्यांदा! कुठला शेतकरी असं करेल? बरं, त्याच्याकडे कारभारी आहे, संध्याकाळी मजुरी तोच वाटतो. माणसं शोधायला मात्र मालक स्वतः निघतो.

आता बोलणी ऐका. पहाटेच्यांशी पक्का करार. नऊच्या लोकांना फक्त ‘योग्य ते देईन’. आणि पाचच्या लोकांना? सर्वांत जुन्या हस्तलिखितांत त्यांच्याशी मजुरीचा एक शब्दही नाही. आम्हाला कुणी कामावर घेतलंच नाही, एवढंच ते सांगतात आणि मालकाच्या नुसत्या ‘जा’वर मळ्यात जातात.

संध्याकाळी त्यांच्या हातावर अख्खा दिनार पडतो! तासभरच काम केलं म्हणून घरच्या पोरांची भूक तासाभराचीच असते का?

वाटप सुरू होतं तेही शेवटच्यांपासून. पहाटेच्यांना आधी दिलं असतं, तर ते दिनार कनवटीला लावून खुशीत घरी गेले असते. पण त्यांना ते बघायला लावलं. त्यांची तक्रार किती खरी आहे बघा. आम्हाला कमी दिलं असं ते म्हणतच नाहीत. यांना आमच्या बरोबरीचं केलंत, हे त्यांचं दुखणं. मला तरी गोष्टीतली सर्वांत जिवंत जागा हीच वाटते.

मालक उत्तर देतो, त्यात मूळ ग्रीकमध्ये शब्दशः ‘वाईट डोळा’ आहे: मी चांगला वागलो, म्हणून तुझा डोळा वाईट का झाला? म्हणजे दृष्ट! आपल्याकडे तान्ह्या बाळाला, नव्या घराला लागते ती. इथे ती लागली दुसऱ्याच्या दिनाराला.

ख्रिस्ती माणूस जिला ‘कृपा’ म्हणतो, ती ही. नवल म्हणजे तो शब्द गोष्टीत एकदाही येत नाही. पुढे पौलाने रोमकरांना पत्र लिहिताना मजुरी आणि कृपा समोरासमोर ठेवली: एक कमावलेली, दुसरी नुसती दिलेली.

रापणीत वाटे ठरलेले असतात: होडीचा, जाळ्याचा, माणसांचा. तरी उशिरा येऊन दोराला हात लावणाऱ्या पोराच्या पिशवीत मूठभर पेडवे पडतात. येशूच्या गोष्टीतला मालक त्या पोराला मूठभर देत नाही. अख्खा वाटा देतो, पहाटे होडी लोटणाऱ्याइतका.