आधी पाणी, मग पीक

पांझरेच्या काठी पाणीवाटपाची फड पद्धत चालत असे, तेव्हा शेतकरी आपल्या शेताचे बारे, म्हणजे पाण्याचे तोंड, स्वतः उघडत नसे. पाणी देणे हे पाटकऱ्याचे काम होते. शेत कोणाचे आहे हे न बघता तो क्रमाने भिजवत जाई. पिकाची राखण जागल्या करी, दोघांवर हवालदार लक्ष ठेवी आणि त्यांचा मोबदला शेतकरी धान्याच्या रूपाने देत. पांझरा, मोसम, गिरणा, आरम या नद्यांवर, म्हणजे आजच्या धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत, ही पद्धत तीन-चारशे वर्षे चालत आली. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटाच्या चाऱ्या आणि चाऱ्यांचे बारे, अशी तिची रचना होती. भिजणारे सगळे क्षेत्र म्हणजे थळ. थळाचे बहुधा चार फड पडत आणि एका हंगामात एका फडात एकच पीक घेतले जाई. ऊस कुठल्या फडात, धान्य कुठल्या फडात आणि कुठला फड पडीक ठेवायचा, हे नदीचे पाणी पाहून शेतकरी आणि त्यांचे पंच एकत्र बसून ठरवत.

या लोकांपैकी कोणी अभियांत्रिकी शिकलेले नव्हते, पण त्यांच्या व्यवस्थेत शास्त्र पुरेपूर होते. फडात एकच पीक असले की सगळ्यांना पाणी एकाच वेळी लागते आणि राखणही एकत्र करता येते. पीक दरवर्षी फड बदलते, त्यामुळे जमिनीचा कस टिकतो. एकेका कुटुंबाची जमीन निरनिराळ्या फडांत विखुरलेली असे. नदी आटली आणि एखाद्याच फडाला पाणी पुरणार असे दिसले, तरी बहुतेक घरांच्या वाट्याला थोडी ओली जमीन येई. दुष्काळ टळत नसे, पण त्याचा बोजा वाटला जाई. खानदेशातल्या गरिबीचा विचार करताना मला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. तज्ज्ञाचे ज्ञान नुसते सांगून, दाखवून किंवा विकून गावाचे दारिद्र्य हटत नाही. ते ज्ञान गावाच्या नियमात उतरले, तरच टिकते आणि शेवटच्या घरापर्यंत पोहोचते.

या प्रदेशातून शिकून गेलेल्या तज्ज्ञांत मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे नाव घ्यावे लागते. १८८४ साली ते मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात सहायक अभियंता म्हणून दाखल झाले आणि सुरुवातीच्या काळातच धुळ्याला आले. पांझरेच्या खोऱ्यात दातर्ती इथे सायफन बांधण्याचे अवघड काम त्यांनी तरुणपणी पार पाडले. पुढे नीरा कालव्यावर त्यांनी ‘ब्लॉक’ पद्धत आणली. ठरावीक गटात पाण्याची हमी द्यायची आणि त्या गटातली पिके आळीपाळीने फिरवायची, हे तिचे सूत्र होते. ही रचना फडाच्या किती जवळची आहे, हे सिंचनाच्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. मात्र कालव्यावर फडाचा आराखडा दिसला, तरी पंच आणि पाटकरी दिसले नाहीत. त्यांच्या जागी पाटबंधारे खाते आले आणि शेतकरी पाणीमागणीचा सात नंबरचा अर्ज भरून पाण्याची वाट पाहू लागला. पुढे नद्यांच्या वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरींवर पंप बसले आणि खुद्द फडही एकेक करून मोडत गेले.

जळगावच्या केळीची वाट वेगळी आहे. पूर्वी बसराईचे कंद लावून पाटाने पाणी दिले जाई आणि घड हाती यायला दीड वर्षाच्या आसपास लागत असे. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून भवरलाल जैन यांच्या जैन इरिगेशनने ठिबक सिंचन आणि पुढे उतिसंवर्धित ग्रँड नैनची रोपे शेतकऱ्यांपर्यंत नेली. नळ्यांबरोबर बांधावर येऊन सल्ला देणारा कृषितज्ज्ञही आला. पीक वर्षभरात निघू लागले, एकरी उत्पादन वाढले आणि अनेक घरे कर्जातून वर आली. हे यश खरे आहे आणि ते मान्य केलेच पाहिजे. पण हे ज्ञान ज्याची विहीर त्याच्यापुरते राहिले. ठिबकने वाचलेले पाणी जमिनीखाली साठून राहिले नाही, त्यावर आणखी केळी लागली. केळीचे आगर असलेले रावेर आणि यावल हे तालुके भूजलाच्या मूल्यांकनांत वर्षानुवर्षे अतिउपशाच्या यादीत राहिले. यात ठिबकचा दोष नाही. वाचलेल्या पाण्याचे काय करायचे हे ठरवणारे कोणी नव्हते, एवढाच त्याचा अर्थ.

शिरपूरचा अनुभव याहून बोलका आहे. भूजल सर्वेक्षण खात्यात आयुष्य घालवलेले भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी २००४ पासून तिथले नेते अमरीशभाई पटेल यांच्या पाठबळाने त्या तालुक्यात काम उभे केले. तापीकाठच्या गाळाच्या पट्ट्यात पिवळ्या चिकणमातीचे जाड थर आहेत. पाऊस कितीही झाला तरी पाणी त्यांतून खालच्या वाळू-गोट्यांपर्यंत सहज झिरपत नाही. म्हणून नाले रुंद आणि खोल करायचे, त्यांवर बंधाऱ्यांची साखळी बांधायची आणि पाण्याला खाली जायला वाट द्यायची, हा त्यांचा विचार होता. त्या जमिनीपुरते त्याला भक्कम कारण होते. पुढे ‘शिरपूर पॅटर्न’ हे नाव राज्यभर झाले आणि जिथे तिथे नाल्यांत यंत्रे उतरली. महाराष्ट्राचा सुमारे ८२ टक्के भाग मात्र बेसाल्टचा आहे. तिथे खडकाची रचना गावागणिक बदलते आणि बेसुमार खोदाईने जलधर, म्हणजे पाणी धरणारा थर, उघडा पडण्याचा धोका असतो, असा इशारा अनेक जलतज्ज्ञांनी दिला. नाला खोलीकरणाला मोठे स्थान देणाऱ्या जलयुक्त शिवार अभियानावर सुमारे ९,६०० कोटी रुपये खर्च झाले. भूजलपातळी वाढवण्यात त्याला फारसे यश आले नाही, असे महालेखापरीक्षकांनी २०२० च्या अहवालात नोंदवले. नाल्याचा आकार सगळीकडे गेला, त्यामागचे कारण मात्र शिरपुरातच राहिले.

याउलट साक्री तालुक्यातले बारीपाडा पाहावे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला या आदिवासी पाड्याभोवतीचे डोंगर उघडे पडले होते. वाणिज्य शाखेचे उच्च शिक्षण घेऊन गावातच राहिलेले चैत्राम पवार आणि वनवासी कल्याण आश्रमाचे कार्यकर्ते यांनी गावाला एकत्र बसवले. कुऱ्हाडबंदी, दंड आणि पाळीने राखण हे नियम गावाने स्वतः केले. सुमारे अकराशे एकर जंगल पुन्हा उभे राहिले, झऱ्यांना आणि विहिरींना पाणी आले, शेतीला दुसरे पीक मिळाले. २००४ पासून तिथे वनभाजी महोत्सव भरतो. जंगलातली कोणती पाने कधी खुडायची, कोणती भाजी किती वेळा उकळून पाणी टाकायचे, हे बायकांचे ज्ञान तिथे मानाच्या जागी येते आणि वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक ते समजून घ्यायला येतात. २०२५ मध्ये पवार यांना पद्मश्री जाहीर झाली. बाहेरचे मृद्‍संधारणाचे शास्त्र आणि गावाची ही माहिती एकाच नियमावलीत आली, हे त्या पाड्याच्या यशाचे मूळ आहे.

यावर रास्त आक्षेप घेता येतात. गरिबाला ज्ञानापेक्षा जमीन आणि भांडवल हवे, हा पहिला. तो खरा आहे, पण अपुरा. भांडवल मिळूनही पाचशे फुटांवर कोरडी निघालेली बोअर माणसाला आधीपेक्षा गरीब करते. खाली काय आहे हे कळणे हेही भांडवलच आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गावाचा नियम म्हणजे गावातल्या बळकटांचा नियम, आणि फडातही हिस्सा जमीनवाल्यांचाच होता. हे नाकारता येत नाही. पण त्यावरचे उत्तर महाराष्ट्रातच सापडले आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगावला पाणीपंचायत सुरू केली. तिथे पाण्याचा हक्क माणशी अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर असा ठरला, भूमिहीनांनाही वाटा मिळाला आणि उसाला मनाई झाली. नियम अन्यायाचा असेल तर तो बदलावा लागतो. नियमच नसेल तर ज्याची मोटार मोठी त्याचेच चालते. आता सगळे मोबाइलवर कळते, हा तिसरा आक्षेप. मोबाइलवर बाजारभाव कळतो, फवारणी कळते. पण शेजारच्या चाळीस विहिरींनी मिळून यंदा किती उपसायचे, हे एकट्याने वाचून ठरत नाही. ते बसूनच ठरवावे लागते.

हे बसणे आजही शक्य आहे आणि त्याची वेळही ठरलेली आहे. पावसाळा सरला की ऑक्टोबरमध्ये भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी मोजते. रब्बीची पेरणी त्याच दिवसांत तोंडावर असते. तो आकडा तालुक्याच्या अहवालात जाऊन बसण्याआधी गावच्या फळ्यावर खडूने लिहिला जावा. भूवैज्ञानिकाने त्या दिवशी ग्रामसभेत बसून सोप्या शब्दांत सांगावे, की एवढ्या पाण्यात हरभरा निघेल, गहू अर्ध्याच शिवारात निघेल, नवी केळी यंदा नको. भूमिहीन मजूर आणि बायका त्या सभेत असाव्यात, कारण पाणी संपले की आधी त्यांची मजुरी आणि त्यांच्या डोक्यावरचा हंडा यांचा प्रश्न उभा राहतो. ठरेल ते लिहून ठेवावे आणि पाळण्यासाठी माणूस नेमावा. पांझरेकाठच्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हेच केले होते. पाणी पाहून ते पीक ठरवत आणि ठरले की बारे पाटकऱ्याच्या हाती सोपवत.