बैलाच्या गुडघ्याची सूज : डाग देऊ नका

लाल कंधारी असो की देवणी, हंगामात बैलाच्या वैरणीकडे आपण बघतो, बसायच्या जागेकडे नाही. उठता-बसता सारा भार पुढच्या गुडघ्यांवर येतो. फरशीवर, खड्यांवर घासून तिथली कातडीखालची पाण्याची पिशवी सुजते. ताजी सूज गरम व दुखरी. तिला दोन-तीन दिवस गार पाण्याची पट्टी आणि विश्रांती द्यावी. जुनी सूज गार पडते, दाबल्यावर आत पाणी हललेले कळते. बैल फारसा लंगडत नाही, म्हणून मालक ‘बघू पुढं’ म्हणतो आणि शेवटी डाग देतो. डागून पिशवी जात नाही, जखम चिघळते. पाणी काढणे डॉक्टरांचेच काम. घरी टोचले तर पू धरतो. आणि जागा तीच राहिली तर पाणी पुन्हा भरते. आधी पाचट अंथरा, ते आपल्याकडे काय कमी आहे?

गोठ्यात गाय गाभडली असेल तर मात्र गुडघ्यातल्या पाण्याला हात लावू नये. सांसर्गिक गर्भपाताचे जंतू त्यात असू शकतात, तो रोग माणसालाही होतो. रक्त तपासून घ्यावे. उदगीरला १९८७ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. मुखेड-देगलूरकडच्या सभासदांनाही ते जवळ पडते.